घरच्या घरी : मुरंब्याची बरणी आणि गाडीचा ब्रेक

मैत्रिणींनो, बरणीचा आणि मोटारसायकलच्या ब्रेकचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. मलाही तो आंबा घाटात कळला! आम्ही दोघे कोल्हापूरहून साखरप्याला निघालो होतो. घाट निम्मा उतरलो असू, तोच यांनी पुढचा ब्रेक दाबला आणि लिव्हर थेट मुठीला टेकला. मागचा ब्रेक आणि खालचा गिअर यांवर कशीबशी गाडी कडेला घेतली. माझ्या तोंडचे पाणीच पळाले.

दोष निघाला आमचाच. तीन वर्षांत ब्रेक ऑइल बदलले नव्हते. हे नावालाच तेल, बरं का! पावसाळ्यात मीठ पाणावते, तसे तेही हवेतला ओलावा ओढते. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणावल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. उतारावर ब्रेक तापले की आत वाफ धरते. मग लिव्हर दाबला की वाफच दबते, ब्रेक लागत नाही. म्हणून डिस्क ब्रेकचे ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे. त्यासाठी हे घरगुती साधन.

साहित्य : झाकणाची रिकामी काचेची बरणी, माशांच्या टाकीची दोन फूट पारदर्शक नळी, ८ नंबरचा रिंगपाना (निपलला बसतो ना, ते पाहून घ्या) आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचे सीलबंद ऑइल.

कृती : झाकणाला दोन भोके पाडा. एक नळी घट्ट बसेल एवढे, दुसरे हवेसाठी बारीक. बरणीत दोन बोटे ऑइल ओता आणि नळी तळापर्यंत सोडा. तिचे तोंड ऑइलमध्ये बुडालेलेच हवे, नाहीतर हवा उलटी आत जाते. कॅलिपरवर रबरी टोपीखाली छोटे निपल असते. त्यावर आधी पाना बसवा, मग नळी. नळी चढत नसेल तर टोक मिनिटभर कढत पाण्यात धरा आणि नीट कोरडे करा.

आता काम दोघांचे. एकाने लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्याने निपल पाव फेरा सैल करून लगेच आवळायचे. निपल आवळल्यावरच लिव्हर सोडायचा, हा क्रम चुकवू नका. चहासारखे काळपट ऑइल जाऊन स्वच्छ, बिनबुडबुड्यांचे येईपर्यंत हेच करा. वरच्या डबीतले ऑइल खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका, घालत राहा. शेवटी निपल आवळून गाडी अंगणातच हळू फिरवून पाहा. लिव्हर मऊ लागला तर तशीच मेकॅनिककडे ढकलत न्या. एबीएस असलेली गाडी तर वर्कशॉपातच द्या.

आणि हे विसरू नका : ब्रेक ऑइल विषारी असते. बरणीवर ‘विष’ अशी चिठ्ठी डकवून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. स्वयंपाकघरात पुन्हा कधीच नको. रंगावर थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग उडतो. डिस्कवर थेंबही पडू देऊ नका. काढलेले ऑइल मोरीत न ओतता गॅरेजवाल्याला द्या.

आता आमच्याकडे हे पाना धरतात, लिव्हर मी दाबते. मागे बसणारीचाही जीव त्याच ब्रेकवर असतो, हो की नाही?