'माहीत नाही' हे उत्तर नव्हे

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. काही काळ एका परदेशी ग्राहकाच्या पुरवठादारांची माहिती ठेवणाऱ्या प्रणालीवर काम करत होतो. माल कोणत्या गोदामात आहे, कंटेनर बंदरातून कधी सुटला, हे सगळं पडद्यावर दिसायचं. 'सक्तीचे श्रम नाहीत' यासाठी मात्र एकच चौकट होती. पुरवठादाराने क्लिक केलं की ती हिरवी. याची खात्री कोण करतं, असं मी एकदा मीटिंगमध्ये विचारलं. "ते आपल्या स्कोपमध्ये नाही," असं उत्तर आलं. मी गप्प बसलो. चौकटीचा कोड मीच लिहिला होता.

म्हणून बड्या कंपन्या 'आम्हाला कल्पना नव्हती' म्हणतात, तेव्हा मला ते पटत नाही.

शिनजियांगचं उदाहरण घ्या. जगातला सुमारे एक पंचमांश कापूस चीनच्या या वायव्य प्रांतातून येतो. २०१७पासून तिथल्या उइघुर आणि इतर मुस्लिम समाजांतल्या लोकांना मोठ्या प्रमाणावर छावण्यांत डांबलं गेलं. त्याच्या जोडीला 'अतिरिक्त मजुरां'ना कामावर पाठवण्याची सरकारी योजना आहे. ऑस्ट्रेलियन स्ट्रॅटेजिक पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या मार्च २०२०च्या अहवालानुसार, २०१७ ते २०१९मध्ये ८०,०००हून अधिक उइघुरांना प्रांताबाहेरच्या कारखान्यांत हलवलं गेलं असावं. ८०हून अधिक नामांकित ब्रँडांची नावं त्या कारखान्यांशी जोडली गेली.

चीन म्हणतो, हे दारिद्र्यनिर्मूलन आहे. पण 'नाही' म्हटल्यावर अतिरेकी ठरण्याची भीती असेल, तर 'हो'ला काय किंमत? अशा ठिकाणी ऑडिटरसमोर मजूर खरं बोलेल कसा? सप्टेंबर २०२०मध्ये पाच ऑडिट संस्थांनी या प्रांतात कामगारविषयक तपासणी करणार नाही, असं सांगितलं. एच अँड एमने चिंता व्यक्त केली होती, तर मार्च २०२१मध्ये चीनच्या ऑनलाइन दुकानांतून तिचा माल गायब झाला. जाणून घेणं महाग पडतं, न जाणणं फुकट.

आणि न जाणण्याची सोय साखळीतच आहे. गाठीचं सूत होतं, सुताचं कापड, कापडाचा शर्ट. वाटेत दहा ठिकाणचा कापूस एकत्र होतो. लेबलवर फक्त शेवटच्या शिलाईचा देश उरतो. कंपनी फक्त शिलाईवाल्याला ओळखते, त्यापलीकडे बघायची तिच्यावर सक्ती नाही.

अमेरिकेने डिसेंबर २०२१मध्ये केलेला आणि जून २०२२पासून लागू झालेला कायदा नेमकं हेच उलटं करतो. शिनजियांगचा माल सक्तीच्या श्रमांचाच, असं तो धरून चालतो. तसं नसल्याचं सिद्ध करायचं ते आयातदाराने. आमच्या भाषेत सांगायचं तर फायरवॉल असाच लावतात: आधी सगळं बंद, मग कारण असेल तेवढंच उघडं. अमेरिकेचा हेतू शुद्ध नाही, हे मान्य. तिच्याच तेराव्या घटनादुरुस्तीत गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या कामाला मुभा आहे. पण सांगणारा दांभिक आहे म्हणून सांगितलेलं खोटं ठरत नाही. युरोपीय संघाचा २०२४चा कायदा डिसेंबर २०२७पासून लागू होईल, पण त्यात पुराव्याचं ओझं तपास यंत्रणेवरच आहे. म्हणजे पुन्हा तीच हिरवी चौकट.

आपल्याकडे घटनेचं कलम २३ वेठबिगारीला मनाई करतं. १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक लाचारीतून पत्करलेलं, किमान वेतनाहून कमी मजुरीचं कामही त्यात बसवलं. पण बाहेर वेठबिगारीने बनलेला माल बंदरावर अडवणारा असा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेने नाकारलेला माल दुसरीकडे विकायला मोकळा असतो. 'दुसरीकडे' म्हणजे कुठे, हा प्रश्न आपणही विचारायला हवा.

माझी मागणी साधी आहे. ती चौकट मुळातच लाल असावी. हिरवी हवी असेल, तर कापसाच्या गाठीपर्यंतचे कागद दाखवा. जमत नसेल, तर तिथला माल घेऊ नका. आणि पुढच्या मीटिंगमध्ये कुणी 'स्कोप' म्हणालं, तर आपण गप्प बसायचं नाही. हे मी आधी स्वतःलाच सांगतोय.