अंगणवाडीच्या टॅब्लेटमध्ये काय असावं?

प्रति,
मा. आयुक्त, एकात्मिक बाल विकास सेवा योजना, नवी मुंबई



अंगणवाडी सेविकांना यापुढे फोन द्यायचा की टॅब्लेट, याची फाईल आज ना उद्या तुमच्या टेबलावर येईलच. रॅम, बॅटरी, किंमत यांवर तीत पानंच्या पानं भरतील. आतली सॉफ्टवेअरं मात्र वरून ठरून येतात. हे पत्र त्यांच्याबद्दल आहे.

डहाणू तालुक्यातल्या आमच्या आगरहून किनाऱ्याच्या रस्त्यानं नरपड, चिखले, घोलवड मागे टाकलं की बोर्डी लागते. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यायची; गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात भरवायची. खेळणी म्हणाल तर शिंपले, बिया, पानं. सरकारची बाल विकास योजना आली १९७५ मध्ये. काम बघून साधन निवडायचं, हे डहाणूला बाहेरून येऊन कुणी शिकवायला नको.

मार्च २०२१ मध्ये अंगणवाडीच्या नोंदींचा ‘पोषण ट्रॅकर’ हा ॲप आला आणि ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. दोन जीबी रॅमचा फोन, त्यात इंग्रजीत भरायची माहिती. त्यांना आडमुठ्या म्हणणाऱ्यांपैकी कुणी त्या फोनवर एका पाड्याची तरी माहिती भरून बघितली होती का? पुढे ॲपमध्ये भाषा आल्या, पण कामंही वाढली. जुलै २०२५ पासून घरपोच आहार द्यायचा तर आधी लाभार्थीचा चेहरा ॲपला पटावा लागतो. सायवन-उधव्याकडे रेंज गेली की पोराला कडेवर घेतलेली आई आणि अंगणवाडीची ताई, दोघी ताटकळत.

टॅब्लेट म्हटलं की कुणीतरी वर्ड-एक्सेल सुचवणार, कुणी बडबडगीतांचे व्हिडिओ. ते सगळं कोंबू नका, यंत्र दमेल. ताईला एक साधी तक्त्याची वही पुरे. ती नेटशिवाय उघडावी आणि मुलाचं नाव व वजन एकदाच भरलं की तेच ट्रॅकरला जावं. ‘या महिन्यात कुणाचं वजन घटलं’ असं विचारताच तीत यादी समोर यावी, आणि ती यादी आशाताईला पाठवता यावी. बोललेलं मराठी टिपणारी सोय हवी, कारण एका हातात दंडघेराची पट्टी असते. वाढीचा आलेख मोठा दिसावा, म्हणजे आईला तो बोट ठेवून दाखवता येईल. मला तर टॅब्लेटच्या बाजूनं एवढं एकच कारण पुरेसं वाटतं. सध्याचा सगळा आकडा वर जातो. ज्या बाईचं मूल आहे तिच्यापर्यंत त्यातलं थोडंच पोचतं.

आणि स्थलांतराचं काय? दिवाळी झाली की इथली कुटुंबं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. काही पुरुष गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून असतात. २०२२ मध्ये राज्यानं स्थलांतरितांचा माग ठेवणारी प्रणाली आणली, पालघर पहिल्या जिल्ह्यांत होता. कल्पना चांगलीच आहे. पण ती वेगळी, ट्रॅकर वेगळा. डहाणूत कमी वजनाचं नोंदलेलं मूल भट्टीवर पोचलं की तिथल्या ताईच्या पडद्यावर त्याचा आलेख आपोआप उघडायला हवा, नव्यानं नाव घालायला लागू नये.

निविदा काढण्याआधी नमुन्याचे दोन-चार टॅब्लेट डहाणू-तलासरीच्या पूर्वेकडच्या सेविकांच्या हाती द्या. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये नको, पाड्यावरच, वजनाच्या दिवशी. दिवाळीच्या आधी दिलेत तर बरं. नंतर निम्मी मुलं भट्टीवर गेलेली असतील.

आपला,
आगर (ता. डहाणू) येथील एक रहिवासी