रुग्णाचे गुपित आणि आपला संगणक

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला जो उपदेश केला आहे, त्यात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत अशी स्पष्ट आज्ञा आहे. आपण सर्वांनी हा अध्याय निदान परीक्षेपुरता तरी वाचलेला असतो. त्या काळी वैद्याने जीभ आवरली की गुपित सुरक्षित राहत असे. आता वैद्य मूक राहिला तरी ते जगभर पोहोचू शकते.

फेब्रुवारी २०२० मध्ये जर्मनीतील ग्रीनबोन या संस्थेच्या अहवालातून हेच उघड झाले. भारतीय रुग्णांच्या सुमारे बारा कोटी क्ष-किरण, सीटी स्कॅन आदी प्रतिमा इंटरनेटवर कोणालाही पाहता येत होत्या आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. प्रतिमेसोबत रुग्णाचे नाव व जन्मतारीखही होती. येथे कोणी कुलूप फोडले नव्हते; कुलूपच नव्हते. प्रतिमा साठविणारे 'पॅक्स' सर्व्हर थेट इंटरनेटला जोडलेले होते आणि त्यांना साधा पासवर्डही लावलेला नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर झालेला हल्ला निराळा. तेथे सर्व्हर बंद पाडले गेले आणि नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतचे काम कित्येक दिवस हाताने करावे लागले.

'हे मोठ्या रुग्णालयांचे दुखणे, आपल्या दहा बाय बाराच्या दवाखान्याला त्याचे काय?' असे काही वैद्यमित्र विचारतात. मला हे मान्य नाही. वंध्यत्व, अर्श, श्वित्र, वाजीकरण यांसाठी रुग्ण आपल्याकडे येतात, ते अनेकदा गाजावाजा नको म्हणूनच. मुलुंडचा रुग्ण घाटकोपरच्या वैद्याकडे जातो. कारण आपल्या इमारतीतील कोणी पाहू नये. त्याच रुग्णाच्या श्वित्राचे छायाचित्र, चेहरा न झाकता, आपण व्हॉट्सॲपच्या गटावर 'मत द्यावे' म्हणून टाकतो! औषधी दुकानांतही बिलाच्या संगणकाचा पासवर्ड कागदावर लिहून पडद्यालाच चिकटवलेला मी पाहिला आहे.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीच्या प्रतिनिधीने माझ्याकडे मधुमेही रुग्णांची मोबाइल क्रमांकांसह यादी मागितली. बदल्यात सवलत देऊ केली. मी नकार दिला. त्याला त्यात काही गैर वाटले नाही, याचेच मला अधिक वाईट वाटले.

आता कायदाही आला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य तरतुदी टप्प्याने लागू होणार आहेत. माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान दवाखान्यावर एवढा दंड कोणी बसवणार नाही, हे खरे. शिवाय हा कायदा संगणकातील माहितीपुरता आहे. वहीतील नोंदी त्याच्या कक्षेत येत नाहीत. चरकाची आज्ञा मात्र वहीलाही लागू आहे.

माझी संघटनेला एक सूचना आहे. पुढील वार्षिक सभेत औषधनिर्मात्यांच्या व्याख्यानांपैकी एक कमी करून तो तास या विषयाच्या जाणकाराला द्यावा. पासवर्ड कसा ठेवावा, नोंदींची दुसरी प्रत कोठे ठेवावी, दुरुस्तीला आलेल्या मुलाला संगणक किती उघडून द्यावा, एवढे त्याने सांगितले तरी पुरे. औषधी दुकानदारांनाही आवर्जून बोलवावे. कारण आपली चिठ्ठी अखेर त्यांच्याच संगणकात जाते.