ओझे उतरले, धोका उरला

मुळशी तालुक्यात लावणी आटोपून भात फुटव्यावर आला की पाठीवर टाकी बांधलेला माणूस खाचरांतून फिरताना दिसू लागतो. खोडकिडा, तुडतुडे आणि करपा हे इथल्या भाताचे जुने वैरी. त्यांच्याशी झुंजताना काही वर्षांपूर्वीपर्यंत शेतकरी एका हाताने पंपाचा दांडा मारीत असे आणि दुसऱ्या हाताने फवारणीची नळी फिरवीत असे. आता दांड्याची जागा बॅटरीने घेतली आहे. बटण दाबले की टाकीखालची छोटी मोटर सुरू होते, हातातील दांडीच्या टोकाशी असलेल्या नोझलमधून तुषार उडू लागतात आणि दुसरा हात मोकळा राहतो. चिखलातून, निसरड्या बांधावरून चालणाऱ्याला तोल सावरण्यासाठी एक हात मोकळा मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. श्रम वाचविणाऱ्या या साधनाचे स्वागत झाले ते योग्यच होय.

परंतु हाताचे श्रम कमी झाले म्हणजे कामातील धोकाही कमी झाला, असा जो समज रूढ होऊ पाहत आहे तो तपासून घेणे आवश्यक आहे. फवारणी यंत्राची रचना करताना तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. औषध पिकावर किती पडते, साधन किती रुपयांत तयार होते आणि ते वाहणाऱ्याच्या अंगावर व श्वासात काय जाते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बाजार देतो. तिसऱ्याचे उत्तर द्यावे असे बंधन त्याच्यावर कुणी घातलेले नाही.

या साधनाचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुना यांच्या मिश्रणाचा द्राक्षवेलींच्या रोगावरील गुण प्रसिद्ध केला. आपल्याकडील बागायतदार आजही जे बोर्डो मिश्रण वापरतात ते हेच. ते वेलीवर उडविण्यासाठी व्हिक्टर व्हर्मोरेल यांच्यासारख्या कारखानदारांनी पाठीवरचे पंप बनविले आणि ते युरोपभर पसरले. त्या पंपातून उडत होते ते प्रामुख्याने तांब्याचे क्षार. पुढे सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके आली. ती त्वचेतून शरीरात शिरतात आणि मज्जातंतूंच्या कार्याला आवश्यक असलेले एक विकर निकामी करतात. औषधाचा स्वभाव असा आमूलाग्र बदलला, पण पाठीवरच्या पंपाचा मूळ आराखडा मात्र फारसा बदलला नाही.

बॅटरीवरचे साधन वेगळ्या विचाराने कसे घडविता येते याचे एक उदाहरण १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये घडले. एडवर्ड बाल्स यांच्या मायक्रॉन या कंपनीने एक लांब दांडी, तिच्या टोकाशी टॉर्चच्या सेलवर फिरणारी प्लास्टिकची चकती आणि औषधाची एक बाटली, एवढ्याच भांडवलावर फवारणी यंत्र तयार केले. पाण्याची दुर्भिक्षता असलेल्या आफ्रिकेतील कापूस उत्पादकांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरले, कारण हेक्टरी शेकडो लिटर पाण्याऐवजी अवघ्या काही लिटर द्रवात काम भागत होते. त्यामागील विचार पाण्याच्या बचतीपुरता नव्हता. चकतीचा वेग ठरविला की थेंबाचा आकार ठरतो, हे त्याचे मर्म होते. अर्थात त्यालाही मर्यादा होत्या. सेल उतरू लागले की चकती मंदावे आणि थेंब मोठे होत. सेलचा खर्च परवडेना म्हणून शेतकरी ते शक्य तितके ताणीत, आणि बाटलीत असलेले औषध तीव्र असल्याने हाताळणीतील चूक महागात पडे. तरीही यंत्र आधी थेंबाचा विचार करून घडवावे, हा त्याचा धडा आजही मोलाचा आहे.

थेंबाला इतके महत्त्व का, हे साध्या गणिताने समजते. थेंबाचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच द्रवातून आठपट थेंब निघतात. साहजिकच बारीक थेंबांनी पान अधिक चांगले झाकले जाते, आणि विक्रेता तुषार दाखवून ग्राहकाला मोहवितो तो याच आधारावर. पण गणिताची दुसरी बाजू अशी की, शांत हवेत दोन मीटर उंचीवरून २०० मायक्रॉनचा थेंब साधारण तीन सेकंदांत जमिनीवर येतो, १०० मायक्रॉनच्या थेंबाला सात-आठ सेकंद लागतात, आणि २० मायक्रॉनचा थेंब अडीच मिनिटांहून अधिक काळ तरंगत राहतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून या आकाराची कल्पना यावी. अडीच मिनिटे तरंगणारा थेंब झुळुकीबरोबर शेजारच्या खाचरात जाईल, ओढ्यात जाईल, किंवा फवारणाऱ्याच्या नाकातोंडात जाईल. जे धुके डोळ्यांना कार्यक्षम वाटते त्याचा बराचसा भाग पिकाच्या दृष्टीने वाया गेलेला असतो. २०२० च्या साथीत रस्त्यांवर आणि माणसांवर जंतुनाशकाचे फवारे उडविण्याची जी लाट आली होती, तीही धुके म्हणजे संरक्षण याच भ्रमातून. माणसांवर असे फवारे मारू नयेत, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला त्या एप्रिलमध्ये जाहीरपणे सांगावे लागले.

या अज्ञानाची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, कीड जोरात होती, निरनिराळी औषधे एकत्र मिसळली जात होती आणि हवा दमट होती. कारणे अनेक होती. तथापि त्यानंतर झालेल्या चर्चेत, अतिसूक्ष्म तुषार उडविणाऱ्या स्वस्त बॅटरी पंपांचाही उल्लेख झाला, हे विसरून चालणार नाही. मुळशीतील भात कपाशीइतका उंच होत नाही, आणि तिथे तशी दुर्घटना होईलच असे कुणी म्हणणार नाही. पण उघड्या अंगाने, वाऱ्याची दिशा न पाहता, नोझल पुढे धरून आपणच भिजविलेल्या पिकातून चालत जाण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

यावर ठरीव उत्तर असे दिले जाते की, फवारणी करणाऱ्याने हातमोजे, मुखपट्टी, चष्मा आणि पूर्ण अंग झाकणारा पोशाख वापरावा. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालील १९७१ चे नियम यांत संरक्षक पोशाखाची तरतूद आहेच. परंतु श्रावणातील उकाड्यात रबरी पोशाख चढवून, पोटरीभर चिखलात, वीस किलोहून अधिक ओझे पाठीवर घेऊन चालणे किती जणांना शक्य आहे? एका एकरासाठी दोनशे लिटर द्रव लागतो असे धरले, तर सोळा लिटरच्या टाकीने बारा-तेरा खेपा कराव्या लागतात. त्या परिस्थितीत पोशाख घरी खुंटीवर राहिला तर दोष माणसाच्या निष्काळजीपणावर टाकणे सोपे आहे, न्याय्य नाही. जी सुरक्षितता अंगावर चढविता येत नाही ती यंत्रातच बसविली पाहिजे, हा कारखान्यांतील सर्वमान्य नियम आहे. शेताला तो लागू नसावा याचे कारण काय?

यंत्रात ती बसविता येते, आणि त्यासाठी एखाद्या अलौकिक शोधाची वाट पाहावी लागत नाही. नोझलपाशी येणारा दाब ठराविक मर्यादेत ठेवणारी झडप बसविली तर मोटर जोरात चालली म्हणून थेंब बारीक होणार नाहीत. दाब चौपट केला तर प्रवाह केवळ दुप्पट होतो आणि थेंब मात्र बारीक होऊन वाऱ्यावर जातात. सबब जास्त दाब म्हणजे जास्त काम हे समीकरणच चुकीचे आहे. कीटकनाशकासाठी एक आणि तणनाशकासाठी त्याहून मोठ्या थेंबांचे दुसरे, अशी नोझले यंत्राबरोबरच द्यावीत आणि कोणते कशासाठी हे त्यांच्या रंगावरून कळावे. हातातील दांडी पुरेशी लांब असावी, म्हणजे तुषार शरीरापासून दूर राहून वाऱ्याच्या बाजूला धरता येतील. टाकीचे झाकण वाकल्यावर गळू नये, कारण ते गळते ते थेट मानेवर आणि पाठीवर. खटक्यावरचे बोट सुटताच फवारा थांबावा. टाकी सोळाऐवजी दहा-बारा लिटरची असली तर खेपा वाढतील, हे खरे. पण स्त्रिया आणि वृद्धही हे काम करतात तेथे पाठीच्या कण्याचा हिशेबही मांडलाच पाहिजे.

बॅटरीचे अर्थशास्त्र तर अधिकच दुर्लक्षित आहे. स्वस्त पंपांत बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असते. अशी बॅटरी उतरलेल्या स्थितीत पडून राहिली की निकामी होते. भातशेतीत पंप वर्षातून मोजके दिवस चालतो आणि उरलेले महिने माळ्यावर पडून असतो. म्हणजे वापराने न झिजता केवळ न वापरल्याने त्याचा मुख्य भाग नष्ट होतो. घसाऱ्याचा हा प्रकार खरेदीच्या पावतीवर दिसत नाही. लिथियमची बॅटरी हलकी व पडून राहण्यास अधिक समर्थ, पण महाग. अशा वेळी बॅटरी सहज काढता व बदलता येईल अशा प्रमाणित मापाची असणे, आणि निकामी झालेली परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार उत्पादकाने खरोखर पार पाडणे, यालाच महत्त्व आहे. नपेक्षा शिसे आणि आम्ल यांचा शेवट गावच्या ओढ्याकाठी होणार.

हे सर्व इतके उघड असताना बाजार असा पंप आपण होऊन का देत नाही? याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. पुष्कळदा पंप विकत घेणारा एक असतो आणि तो पाठीवर घेणारा दुसरा. मालक किंमत पाहतो, मजूर रोजाने येतो व संध्याकाळी डोकेदुखी घेऊन घरी जातो. त्या डोकेदुखीची नोंद कुणाच्याच जमाखर्चात होत नाही. जेथे शेतकरी स्वतःच फवारतो तेथेही किंमत आज रोख द्यावी लागते आणि प्रकृतीचे नुकसान सावकाश, अदृश्यपणे होते. खर्च एकाच्या माथी आणि बचत दुसऱ्याच्या खिशात अशी जेथे विभागणी होते, तेथे केवळ मागणी-पुरवठ्यावर भिस्त ठेवून चालत नाही. मुळशीला हा हिशेब नवा नाही. १९२१ साली सेनापती बापट आणि मावळे यांनी धरणाविरुद्ध जो सत्याग्रह केला त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. वीज घाटाखाली तयार होऊन मुंबईला जायची आणि जमीन मात्र मावळातल्या शेतकऱ्याची बुडायची. पंप ही त्या मानाने क्षुल्लक वस्तू, पण ज्याच्या अंगावर खर्च पडतो त्याला विचारण्यात येत नाही, हे सूत्र तेच.

येथे शासनाची भूमिका निर्णायक ठरते. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय उपअभियानातून यंत्रांना अनुदान मिळते, आणि राज्यात बॅटरीवरील पंपांसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्जही मागविण्यात आले. सार्वजनिक पैशातून पंप खरेदी होतात तेव्हा शासन हे एक फार मोठे गिऱ्हाईक असते, आणि मोठ्या गिऱ्हाइकाला अटी घालता येतात. आज चर्चा किती पंप वाटले याची होते. दाबाची मर्यादा, थेंबाचा आकार, गळतीची चाचणी, जादा नोझले आणि तालुक्याच्या ठिकाणी सुट्या भागांची उपलब्धता या पाच गोष्टी अनुदानाच्या अटींत ठळकपणे घातल्या, तर कारखानदार तसे पंप बनवतील, आणि मग ते अनुदानाविना घेणाऱ्यालाही मिळतील.

याला काही आक्षेप घेतले जातील. पंप महाग होईल, हा पहिला. झडप आणि दोन नोझले यांची किंमत पंपाच्या मानाने थोडी आहे, आणि योग्य आकाराच्या थेंबामुळे औषध कमी वाया जाते, हेही हिशेबात धरावे. दुसरा आक्षेप असा की, खरा दोष विषाचा आहे, पंपाचा नव्हे. हे बव्हंशी खरे आहे. किडीची पातळी पाहून, गरज असेल तेव्हाच फवारणे हाच पहिला उपाय. पण जोवर फवारणी होते तोवर ती करणाऱ्याचे रक्षण पुढे ढकलता येत नाही. तिसरे म्हणणे असे की, आता ड्रोन आले आहेत. बचत गटांतील स्त्रियांना ड्रोन देण्याची केंद्राची योजना २०२३ मध्ये मंजूर झाली, आणि सलग मोठ्या शेतांत तिचा उपयोग होईलही. डोंगरउतारावरच्या, झाडांनी वेढलेल्या लहान खाचरांत मात्र हातातली दांडी आणखी पुष्कळ वर्षे राहणार आहे.

एकाच मुळशी तालुक्यात पूर्वेला हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल आहे आणि पश्चिमेला ताम्हिणीच्या पावसात भिजणारी भातखाचरे आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थी अखेरच्या वर्षी फवारणी यंत्राचे प्रकल्प करतात, पण त्यांची परीक्षा बहुधा प्रयोगशाळेच्या फरशीवर होते. ती पौडच्या बाजूला एखाद्या खाचरात, भरलेली टाकी स्वतःच्या पाठीवर घेऊन व्हावी. प्राध्यापकांनी गुणपत्रिकेत शरीरावर पडलेल्या तुषारासाठी एक रकाना ठेवावा. अनुदानाचे अर्ज तपासणाऱ्या कार्यालयांनी यंत्राच्या किमतीशेजारी नोझलचा प्रकार लिहिण्याची सक्ती करावी. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी या तिघांच्याही आवाक्यातील ही कामे आहेत, आणि त्यांसाठी नव्या कायद्याची गरज नाही. बॅटरीने हाताचे ओझे उतरविले, हे चांगलेच झाले. आता श्वासावरचे ओझे उतरविण्याचे काम आराखडा करणाऱ्यांचे आणि अनुदान देणाऱ्यांचे आहे.