आईला हाक कोणती मारायची?

आमच्या लहानपणी गावाकडे आईला 'बय' म्हणत. मुंबईच्या शाळेत आलो तर पुस्तकात 'आई' निघाली. एकदा बय डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी आली, तेव्हा पोरांसमोर आम्ही तिला 'आई' अशी हाक मारली. तिने मागे वळून पाहिले. हा दुसऱ्याच कुणाला हाक मारतोय, असे तिला वाटले.

वाचक बंधू-भगिनींनो, ही जुनी गोष्ट आठवली ती एका पुस्तकामुळे. थी बुई या बाईंचे हे आत्मकथन २०१७ साली अमेरिकेत निघाले. नाव आहे 'द बेस्ट वुई कुड डू', म्हणजे आपल्या भाषेत 'आमच्याने झाले तेवढे'. सबंध पुस्तक चित्रांचे आहे. चौकटीमागून चौकट, आणि माणसांच्या तोंडचे बोलणे चित्रातच लिहिलेले. आत्मकथन आपल्याला नवे नाही. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले आणि आपली माणसे आपले जगणे स्वतः सांगू लागली. नेमक्या त्याच १९७८ साली थी बुईंचे कुटुंब होडीत बसून व्हिएतनाममधून निघाले होते. थी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. आई गरोदर. मलेशियातल्या निर्वासितांच्या छावणीत धाकटा भाऊ जन्मला. पुढे सगळे अमेरिकेला गेले.

आईबाप दोघेही व्हिएतनाममध्ये शिक्षक होते, पण तिकडची लायकी अमेरिकेत कुणी मानली नाही. आई कारखान्यात मजुरीला लागली. बाप दिवसभर घरी, सिगारेट ओढत, मुलांना भीती वाटेल असल्या गोष्टी सांगत बसलेला. मुलगी शाळेत इंग्रजी शिकते, घरी वेगळी भाषा ऐकते, आणि दोन्हीकडे थोडी परकीच राहते.

आईच्या हाकेची गोष्ट याच पुस्तकात आहे. आईला 'मे' ही उत्तरेकडची हाक पसंत होती. ती भारदस्त, शिकल्यासवरल्या घरची वाटते. मुलांनी मात्र दक्षिणेकडचा 'मा' हा मोकळा, हसरा शब्द हट्टाने धरला. बापाला 'बो' म्हणत. एका घरात एवढ्या हाका! आमच्या बयसारखीच तीही आई कधी दचकली असेल का, असा विचार मनात येऊन गेला.

पण आम्हांला सर्वांत जास्त लागली ती कागदांची गोष्ट. बापाने घरातली सगळी महत्त्वाची कागदपत्रे एका फाईलमध्ये जपली होती. एके रात्री शेजारच्या घरी स्फोट होऊन आग लागली. तेव्हा हे लोक आधी ती फाईल घेऊन बाहेर पळाले. बाई म्हणतात की आईबापांकडून वारशात आपल्याला आले ते हेच, वेळ आली की पळण्याची सवय. आता वाचकहो, झोपडपट्टीत आग लागली किंवा तोडायला गाडी आली, तर आपल्या घरातून आधी काय बाहेर निघते? रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आणि ज्या ट्रंकेत ते असतात ती ट्रंक. हे कुणी शिकवावे लागत नाही.

बापाबद्दल मुलीच्या मनात राग होता. मोठेपणी तिने वही घेऊन त्याला त्याचे बालपण विचारले. १९४५ च्या सुमाराचा उत्तर व्हिएतनाममधला दुष्काळ, आईपासून झालेली ताटातूट, गावावर फ्रेंच सैनिक चालून आले तेव्हा जमिनीतल्या बिळात लपून काढलेला वेळ हे सारे त्याने सांगितले. मग तिला कळले की ज्या माणसाला ती भीत होती तोच एक भेदरलेला मुलगा होता. हे काम तिने पदव्युत्तर शिक्षण घेत असताना सुरू केले. नुसत्या लिखाणाने समाधान होईना म्हणून चित्रकथा काढायला शिकली. पुस्तक व्हायला दहा वर्षांहून अधिक लागली. सगळी चित्रे विटकरी रंगात आहेत. मध्येच छावणीतले ओळखपत्राचे खरे फोटो येतात. ते पाहून थांबावेच लागते.

असे दुसरे पुस्तक इराणच्या मार्जान सत्रापी यांचे 'पर्सेपोलिस'. मूळ फ्रेंचमध्ये २००० ते २००३ या काळात चार भागांत निघाले. निव्वळ काळीपांढरी चित्रे. १९७९ ची क्रांती, डोक्यावर आलेला रुमाल, युद्ध, आणि चौदाव्या वर्षी एकटीला व्हिएन्नाला पाठवलेले. तिथे एका मेजवानीत कुणी विचारले, तू कुठली? ती म्हणाली, फ्रान्सची. घरी जाताना आजीची शिकवण आठवून तिला स्वतःची लाज वाटली. पुढे हॉटेलात काही मुली तिच्या या खोटेपणावर कुजबुजताना तिच्या कानांवर आल्या. तेव्हा ती सर्वांदेखत ओरडली, मी इराणीच आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. आडनाव विचारल्यावर गावाचे नाव सांगून वेळ मारून नेणारी आपलीही माणसे आहेत. आम्हीही एकदा नेली आहे, गिरणीत, नवे नवे लागलो तेव्हा.

दोन्ही पुस्तके इंग्रजीत मिळतात. पण 'पर्सेपोलिस'मध्ये तुरुंगातला छळ आहे आणि थी बुईंच्या पुस्तकात बाळंतपण आणि मुलांचे मरण आहे. म्हणून नववी-दहावीच्या पुढच्या मुलांनाच द्यावे, आणि आईबापांनी शेजारी बसून चित्रे पाहावीत. इंग्रजी येत नसले तरी चित्रे कळतात. किंमत आपल्या खिशाला जड आहे, तेव्हा मुलांनी आधी कॉलेजच्या ग्रंथालयात चौकशी करावी.

आमच्या नातीने चित्रे चाळता चाळता विचारले, "आजोबा, बय गावाहून मुंबईला कशी आली? तिच्या हातात काय होते?" ट्रंक होती हे माहीत आहे. बाकी बयला आम्ही कधी विचारलेच नव्हते.