गिऱ्हाईकाला आधी काम द्या, कथा मग सांगा



हल्ली ब्रँडिंगच्या प्रत्येक व्हिडिओत एक सल्ला असतोच: "तुमची स्टोरी सांगा." सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. कधी सांगायची आणि किती, हे कोणी सांगत नाही. माझं स्पष्ट मत आहे की हे शिकायचं तर ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम्सकडून शिका. हसू नका. तिथे एक पात्र घेऊन हजारो लोकांसोबत एकाच जगात खेळायचं असतं. त्या जगाचा इतिहास भलामोठा, आणि नवा खेळाडू कंटाळला की एका क्लिकमध्ये बाहेर. आपल्या दुकानाच्या दारातही हेच होतं ना?

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ साली आला. सोळा वर्षांत कथेवर कथा चढत गेली. २०२० मध्ये कंपनीने नव्या माणसासाठी एक वेगळं बेटच तयार केलं. आधीची एक मोहीम बेपत्ता झालेली असते, तुम्ही तिला शोधायला जहाजातून निघता. डेकवरच मारामारीचा सराव होतो, मग वादळ येतं, जहाज फुटतं, आणि तुम्ही किनाऱ्यावर. बस्स! जुन्या लढायांचा इतिहास नाही. जुन्या खेळाडूंना मात्र हे बेट टाळून पूर्वीच्या ठिकाणाहून सुरुवात करता येते.

'फायनल फँटसी १४' चा किस्सा तर धंदेवाल्यांनी पाठच करावा. २०१० मध्ये गेम आला आणि सपशेल पडला. २०१३ मध्ये नव्याने बांधून आणला. त्यात शहराची ओळख करून देतो कोण? प्रवासात भेटलेला एक फिरता व्यापारी, गप्पा मारता मारता! पण पुढची सुरुवातीची कथा फार लांबत होती. म्हणून २०२० मध्ये कंपनीने त्यातली बरीच कामं छाटली. आपल्याच मेहनतीला कात्री लावायला हिंमत लागते.

आपल्या पुण्यात बनलेला 'राजी' (२०२०) हा एकट्याने खेळायचा गेम आहे, ऑनलाइन नाही. पण गोष्ट सांगायची रीत तीच. सर्कशीतली मुलगी, तिच्या भावाला असुर पळवतात, ती शोधायला निघते. बाकीचं दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून वाटेत कळत जातं.

आता समजा, तुम्ही नालवाडीत मसाल्याचं दुकान टाकलं. ताई आत आल्या. तुम्ही सुरू झालात: आजीची रेसिपी, नोकरी कशी सोडली, कर्ज कसं काढलं. ताईंना फक्त विचारायचंय, "वांग्याच्या भाजीला कोणता चालेल?" आधी त्याचं उत्तर द्या. वास घेऊ द्या. दहा रुपयांची पुडी द्या, सांगा, "एका भाजीत टाकून बघा." झालं, त्यांना काम मिळालं. दुसऱ्यांदा आल्या की मसाला कसा कुटता ते सांगा. आजी तिसऱ्या भेटीत येऊ द्या.

काही जण म्हणतील, मग कथा नकोच का? हवीच! खेळाडू वर्षानुवर्षं टिकतो त्यात कथेचा मोठा वाटा असतो. नुसती पुडी शेजारचाही देईल, स्वस्तात देईल. पण कथा ही परत आलेल्या माणसासाठी आहे. मोठ्या कंपनीकडे गेलेलं गिऱ्हाईक जाहिरातीने परत आणायला पैसा आहे. आपल्याकडे पहिली पाच मिनिटंच आहेत.

म्हणून या आठवड्यात एक करा. नव्या गिऱ्हाईकाशी तुम्ही जे बोलता ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. "मी" आणि "आम्ही" किती वेळा आलं ते मोजा. मग कात्री घ्या!