जुन्या लेथची डागडुजी

पुण्यातील धायरीच्या लहान कारखान्यांतून जी जुनी किर्लोस्कर लेथ यंत्रे आजही इमानेइतबारे राबत आहेत, त्यांच्या डागडुजीला केवळ काटकसर लेखणे हा कारागिरीचा अवमान होय. १९४१ साली हरिहर येथे स्थापन झालेला म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना कधीच बंद पडला. तेव्हा सुटा भाग हवा असल्यास मंगळवार पेठेतील जुना बाजार धुंडाळावा, मोडीत निघालेल्या जोडीच्या यंत्राचा तपास लावावा, आणि तेही न साधल्यास झिजलेला नमुना समोर ठेवून भाग नव्याने घडवावा, हाच रिवाज. आटे पाडताना कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारा हाफनट झिजला की आटे नेमके उतरत नाहीत. बेडची झीज तर चकाजवळच अधिक, कारण बहुतेक काम तेथेच होते. अशा वेळी सरळपट्टीला निळा रंग माखून ती बेडवर फिरवणारा, उमटलेले उंचवटे स्क्रेपरने अलगद खरवडणारा आणि हीच क्रिया धीराने पुनःपुन्हा करीत पृष्ठभाग समतल करणारा वृद्ध फिटर हाच त्या यंत्राचा खरा वैद्य. ही विद्या पुस्तकातून कळते, परंतु हातात येते ती शेजारी उभे राहूनच; म्हणून प्रत्येक कारखानदाराने अशा फिटरच्या हाताखाली निदान एक उमेदवार ठेवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.